आफ्रिकन सिक्लिडच्या टाकीत आणखी कोण? मांडणीपासून भांडणांपर्यंत

दुकानात आफ्रिकन सिक्लिडची टाकी दिसली की पाय थांबतातच. पिवळे, निळे, केशरी, पट्ट्यापट्ट्यांचे मासे एकदम काचेकडे धावून येतात, आणि गोड्या पाण्यात एवढे रंग या किमतीत दुसरीकडे मिळत नाहीत. मग घरी टाकी असलेला माणूस पाच-सहा पिल्लं पिशवीत बांधून आणतो आणि एंजल, गप्पी, टेट्रा, गोल्डफिश यांच्यात सोडून देतो. पिल्लं दीड-दोन इंचांची आहेत तोवर सगळं गुण्यागोविंदाने चालतं. काही महिन्यांत नर वयात येतात, प्रत्येक जण टाकीचा एकेक कोपरा बळकावतो, आणि एके सकाळी एंजलचे लांब पर अर्धे झालेले दिसतात.

म्हणून ‘माझ्या टाकीत आफ्रिकन चालतील का’ हा प्रश्न मला पटत नाही. टाकी सिक्लिडचीच मांडायची आणि सोबती त्यांच्या अटींवर आणायचे. सोबती निवडताना तीन गोष्टी याच क्रमाने तपासा: पाणी, खाणं, स्वभाव. बहुतेक जण स्वभावापासून सुरुवात करतात. पण पाणीच जुळत नसेल तर स्वभाव बघण्यात अर्थ नाही.

आधी तुमचा आफ्रिकन कुठला ते ठरवा

दुकानदार सगळ्यांनाच ‘आफ्रिकन’ म्हणतो, पण त्यात निदान चार वेगळे संसार आहेत.

पहिला मलावी सरोवरातल्या म्बुना माशांचा. हे खडकांत राहणारे, दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे, चार-पाच इंचांचे आणि अत्यंत तापट. यलो लॅब, रेड झेब्रा, डेमासोनी, असेई, रस्टी, बंबलबी, ऑराटस, केनी ही सगळी यातलीच मंडळी. दुसरा गट त्याच सरोवरातल्या पीकॉक आणि हॅप माशांचा. हे वाळूवर आणि उघड्या पाण्यात वावरतात, छोटे किडे आणि मासे खातात, आकाराने मोठे होतात, पण म्बुनांपेक्षा शांत असतात. तिसरा टांगानिका सरोवराचा: फ्रंटोसा, ट्रोफियस, ज्युली, शंखात राहणारे इवलेसे मल्टी. हे सरोवर सुमारे १,४७० मीटर खोल आहे आणि त्याचं पाणी मलावीपेक्षाही अल्कधर्मी.

चौथा गट पश्चिम आफ्रिकेतल्या नद्यांचा, आणि इथेच सर्वात जास्त गल्लत होते. क्रिबेन्सिस हा नायजेरियाकडचा छोटा, जांभळ्या पोटाचा सिक्लिड. त्याला मऊ (कमी क्षारांचं) ते मध्यम, पीएच ७च्या आसपासचं पाणी लागतं. तुम्हाला झाडं लावलेली, टेट्रा आणि कोरीडोरास हे छोटे मांजरमासेसुद्धा असलेली शांत टाकी हवी असेल तर क्रिबेन्सिसची एक जोडी आणा, सोबत काँगो टेट्रा ठेवा आणि हा लेख इथेच बंद केलात तरी चालेल. पिल्लं झाल्यावर जोडी आपल्या गुहेभोवती थोडी दादागिरी करते, पण ती तेवढ्यापुरतीच. लालभडक, निळ्या ठिपक्यांचा ज्वेल सिक्लिड मात्र याच भागातला असूनही जोडी जमली की टाकी रिकामी करायला बसतो. त्याला सोबतीच्या फंदात पाडू नका.

पुढचं सगळं मुख्यतः मलावीच्या टाकीबद्दल आहे, कारण आपल्याकडे घरोघरी तीच दिसते.

टाकी: उंचीपेक्षा लांबी

म्बुनांसाठी चार फूट लांबीच्या खाली जाऊ नका. आपल्याकडे टाक्या फुटांत बनवून मिळतात. ४ × १.५ × १.५ फुटांची टाकी काठोकाठ २५५ लिटरची होते. दगड-वाळू टाकून, वर थोडी जागा सोडून प्रत्यक्षात २०० लिटरच्या आसपास पाणी बसतं. टाकी दोन फूट उंच करून घेण्यापेक्षा तेच पैसे रुंदीत घाला. सिक्लिडची भांडणं जमिनीच्या हद्दीवरून होतात, त्यामुळे तळाचं क्षेत्रफळ जितकं जास्त तितकी शांतता.

पाणी, काच, दगड, वाळू मिळून असा संच पावणेचारशे-चारशे किलोंचा होतो. तो भिंतीलगत, शक्यतो बीमच्या बाजूला आणि डगमगणार नाही अशा लोखंडी स्टँडवर ठेवा. टाकी आणि स्टँड यांच्यामध्ये थर्माकोलची शीट विसरू नका. वर झाकण हवंच. घाबरलेला सिक्लिड उडी मारतो.

फिल्टर एक पायरी मोठाच घ्या. हे मासे भरपूर खातात, भरपूर घाण करतात आणि आपण ते थोडे दाटीनेच ठेवणार आहोत. टाकीतलं पाणी तासाला सहा ते दहा वेळा फिल्टरमधून जाईल इतका प्रवाह पाहिजे. कॅनिस्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) उत्तम, सम्प (टाकीखाली ठेवलेली फिल्टरची वेगळी टाकी) त्याहून उत्तम. बजेट नसेल तर वरून बसणारा टॉप फिल्टर आणि जोडीला दोन मोठे स्पंज फिल्टर हेही व्यवस्थित काम करतं. पुणे-नाशिककडच्या थंडीसाठी एवढ्या टाकीला २०० ते ३०० वॉटचा हीटर ठेवा. कोकणपट्टीत तो वर्षातले फार थोडे दिवस लागतो.

पाणी: इथेच निम्मा निकाल लागतो

मलावीच्या पाण्याचा पीएच साधारण ७.७ ते ८.६ असतो. मुंबईचं तानसा-भातसा-वैतरण्याचं नळाचं पाणी मऊ. पुण्याचं खडकवासल्याचंही तसंच. म्हणजे या दोन शहरांत पाण्याला क्षार द्यावे लागतात. बोअरवेलचं पाणी बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं. वॉशिंग मशिन खराब करणारं हे पाणी आफ्रिकनना मात्र मानवतं. त्यामुळे बोअर असलेल्या सोसायटीत राहत असाल तर आधी टेस्ट किट आणा. कदाचित काहीच घालावं लागणार नाही. बोअरचं पाणी रात्रभर एअर स्टोन लावून ठेवा आणि मग मोजा. ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो उडाला की पीएच चढतो. आरओचं पाणी या टाकीत नको, त्यातलं जे हवं तेच मशिनने काढून टाकलेलं असतं.

मऊ पाण्यासाठी नेहमीचा उपाय असा: दर २० लिटर नव्या पाण्याला एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा आणि एक ते दोन चमचे एप्सम सॉल्ट. दोन्ही बादलीत पूर्ण विरघळवून, क्लोरीन घालवून मगच पाणी टाकीत ओता. प्रमाण फक्त बदललेल्या पाण्याचं काढायचं. ७० लिटर बदललं तर साडेतीन चमचे सोडा, २०० लिटरचा हिशोब नव्हे. आणि उन्हाळ्यात वाफ होऊन पातळी खाली गेली तर भर घालताना साधंच पाणी घाला, कारण क्षार वाफेबरोबर गेलेले नसतात. ही चूक लक्षात येत नाही आणि महिन्या-दोन महिन्यांत पाणी नकळत जड होत जातं.

पीएच ८.२च पाहिजे म्हणून रोज किट घेऊन बसू नका. ७.८ला स्थिर राहिलेलं पाणी आज ७.४ आणि उद्या ८.४ होणाऱ्या पाण्यापेक्षा कितीतरी बरं.

दगड आणि वाळू

म्बुनांच्या टाकीत दगड शोभेसाठी नसतात. नजरेआड होण्याच्या जागा जितक्या जास्त, तितका मार खाणारा मासा वाचतो. आपल्याकडे यासाठी सर्वात स्वस्त आणि चांगली वस्तू म्हणजे शहाबादी फरशीचे तुकडे. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे, त्यामुळे तो या पाण्यात नुसता चालतच नाही, हळूहळू थोडा क्षारही सोडतो. फरशीवाल्याकडे उरलेले तुकडे जवळपास फुकट मिळतात. धारदार कडा दुसऱ्या दगडावर घासून बोथट करा, ब्रशने धुवा, आणि एकावर एक ठेवून दोन-तीन बोटं रुंद फटी राहतील असे मजले रचा. वरचे तुकडे सिलिकॉनने चिकटवा. मधून मधून काळा बेसाल्ट घातला की रचना नैसर्गिक दिसते. जांभा दगड नको, भुगा सुटतो.

दगड आधी, वाळू नंतर. हे मासे तोंडाने वाळू उपसून दगडाखाली खड्डे करतात. वाळूवर ठेवलेला ढिगारा एक दिवस सरकतो आणि समोरच्या काचेवर आपटतो. तळाला पातळ थर्माकोल किंवा प्लॅस्टिकची जाळी अंथरा, त्यावर दगड पक्के बसवा आणि मग भोवतीने चाळून धुतलेली बारीक वाळू पसरा, दीड-दोन इंच पुरे. ढिगारे दोन किंवा तीन करा आणि मध्ये मोकळी जागा सोडा. एकच मोठा डोंगर केलात तर सर्वात दांडगा नर तो संपूर्ण आपल्या नावावर करून घेतो.

फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीतून पोल्ट्रीच्या दुकानात मिळणारी शिंपल्यांची कच घाला. पीएच खाली उतरू न देण्याचं काम ती महिनोन्महिने करते. समुद्रकिनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणायचा विचार कोणी सुचवला तर सोडून द्या. १९७२च्या वन्यजीव कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे.

झाडं म्हणाल तर दगडाला बांधलेलं अन्युबियस किंवा जावा फर्न टिकू शकतं. बाकी सगळं सॅलड.

पाणी सेट होऊ द्या

चार ते सहा आठवडे माशांशिवाय टाकी चालवा. रोज चिमूटभर खाद्य टाकून किंवा अमोनियाचं द्रावण घालून फिल्टरमध्ये जिवाणू वाढवा; हे जिवाणू माशांच्या घाणीतल्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं की टाकी तयार. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज मिळाला तर हा काळ निम्म्यावर येतो.

आफ्रिकन टाकीत ही पायरी गाळणं इतर टाक्यांपेक्षा महाग पडतं, आणि त्याचं कारण रसायनात आहे. पाण्यातल्या अमोनियाचा विषारी भाग पीएचवर ठरतो. २६ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियाच्या जेमतेम अर्धा-पाऊण टक्का भाग विषारी रूपात असतो, पीएच ८.२ला तोच सुमारे नऊ टक्के होतो. किटवर आकडा तोच, पण विष जवळपास पंधरापट. गप्पीच्या टाकीत खपून गेलेली घाई इथे खपत नाही.

सिक्लिड कोणते घ्यायचे

पहिली अट: ‘असॉर्टेड’ लिहिलेल्या टाकीतून उचलू नका. त्यात संकर असतात, आणि पुढे ऑराटस किंवा केनी निघाला तर तो एकटा सगळ्यांना पुरून उरतो. केनीची पिल्लं सुंदर निळी असतात, माद्या निळ्याच राहतात, नर मोठेपणी पिवळे होतात. पिवळा झालेला केनी म्हणजे टाकीतला गावगुंड. नाव माहीत असलेलीच जात घ्या.

दुसरी: रंगाने आणि पट्ट्यांनी एकमेकांसारख्या दिसणाऱ्या जाती एकत्र ठेवू नका. नर आपल्यासारख्या दिसणाऱ्यालाच प्रतिस्पर्धी समजतो. तिसरी: एका नराला निदान तीन माद्या. पिल्लांत नर-मादी ओळखता येत नाही, म्हणून एका जातीची सहा-सात पिल्लं घ्यायची आणि वयात आल्यावर जास्तीचे नर काढायचे.

चार फुटी टाकीसाठी मी सुचवेन ती जमवाजमव अशी: सहा यलो लॅब, सहा रस्टी, पाच असेई. पिवळा, गंजका-जांभळा आणि निळसर अंगावर पिवळी शेपटी. तिन्ही म्बुनांत तुलनेने सौम्य, आणि असेई खडकात न अडकता वरच्या पाण्यात फिरतो, त्यामुळे टाकी भरलेली दिसते. डेमासोनीचा मोह सगळ्यांना होतो, पण तो बारा-पंधराच्या घोळक्यात ठेवला तरच जगतो. चार ठेवलेत तर थोड्याच दिवसांत एक उरतो.

पीकॉक ठेवायचे असतील तर म्बुनांबरोबर नकोत. म्बुना त्यांना जेवू देत नाहीत, आणि हळूहळू पीकॉकचा रंग उतरतो. वेगवेगळ्या रंगांचे आठ-दहा नर पीकॉक, सोबत एखादा इलेक्ट्रिक ब्ल्यू नावाचा निळा हॅप, माद्या अजिबात नाहीत, अशी टाकी सुंदर दिसते आणि भांडणंही आटोक्यात राहतात. घेताना एक बघा: दीड इंचाचं पिल्लू मोठ्या नरासारखं झगमगत असेल तर त्याला हार्मोन दिलेले असण्याची शक्यता फार. घरी आणल्यावर तो रंग जातो.

आता सोबती

सोबती तळाशी किंवा वरच्या पाण्यात वावरणारा हवा. सिक्लिडच्या खडकात हिस्सा मागणारा नको. अंगाने चपळ किंवा चिलखती असावा, जड पाण्यात सुखाने राहावा, आणि शेवाळी-स्पायरुलिनाच्या खाद्यावर त्याचं भागावं. या चाळणीतून फार थोडे मासे खाली उरतात.

सगळ्यात वरचं नाव सायनोडॉन्टिस मांजरमाशाचं. स्वतः आफ्रिकेतले, त्याच सरोवरांतले, पाठीवर आणि बाजूच्या परांवर कडक काटे, जाड कातडी. पेट्रिकोला किंवा लुसिपिनिस नावाने मिळणारे छोटे ठिपकेवाले चार इंचांच्या आसपास राहतात. तीन-चार एकत्र ठेवा, एकटा ठेवलात तर दिवसभर दगडाखालून बाहेर येत नाही. पाणी बदलताना ते जाळीत पकडू नका, काटे जाळीत अडकतात. प्लॅस्टिकच्या डब्यात घ्या.

यांच्यातला मल्टिपंक्टाटस, म्हणजे कोकीळ मांजरमासा, जमल्यास मुद्दाम ठेवा. नाव कसं पडलं ते बघायला मिळालं तर नशीबच. म्बुनांची जोडी सपाट फरशीवर एकमेकांभोवती गोल फिरते; नर अंग थरथरवत शेपटीजवळचा पर पसरतो, त्यावर अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात; मादी एक-दोन अंडी टाकते आणि वळून लगेच तोंडात घेते. नेमक्या त्या क्षणी मांजरमाशांची जोडी खालून मुसंडी मारते, सिक्लिडची काही अंडी गट्टम करते आणि आपली तिथे टाकून पसार होते. घाईत असलेली मादी सगळीच उचलते. मांजरमाशाची अंडी आधी फुटतात, आणि त्यातली पिल्लं तोंडातल्या तोंडात सिक्लिडची पिल्लं खाऊन वाढतात. मादी बिचारी आठवडेच्या आठवडे उपाशी राहून परक्याचीच पोरं सांभाळते.

दुसरं नाव ब्रिसलनोज प्लेको या शेवाळ चाटणाऱ्या माशाचं. अमेझॉनकडचा असूनही सवयीने जड पाण्यात राहतो, पाच इंचांवर जात नाही, आणि अंगावरचं चिलखत मार सोसतं. एकच पुरे. रात्री दिवे बंद झाल्यावर त्याला काकडीचा तुकडा किंवा उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं पान द्या, नाहीतर दांडग्यांच्या गर्दीत तो उपाशी राहतो. दुकानात ‘सकर’ म्हणून मिळणारा साधा प्लेको घेऊ नका, तो फूटभर आणि वर वाढतो आणि फिल्टरची दमछाक करतो.

पीकॉकच्या टाकीत वरचं पाणी भरायला बोसमानी रेनबो हा माझ्या मते सर्वोत्तम सोबती. पुढून निळसर, मागून केशरी, चार इंचांचा, सतत फिरता, आणि मुळात न्यू गिनीच्या पश्चिमेकडच्या अल्कधर्मी तळ्यांतला. सहा-आठचा थवा ठेवा. वरती निर्धास्त फिरणारा थवा बघून खालचे बुजरे पीकॉकही बाहेर येतात. आणि चिडलेला नर एकाच बळीच्या मागे लागण्याऐवजी पाच-सहा जणांमागे धावून दमतो. हा पाठलाग झेपावा म्हणून वयात आलेले, तीन इंचांचे रेनबोच सोडा. म्बुनांबरोबरही रेनबो राहतात, पण त्यांचे पर नेहमी थोडे फाटकेच दिसतील.

आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत सापडणारा जायंट डॅनियोही थव्यासाठी चालतो. वेगवान, टणक आणि स्वस्त. पाणी थोडं कमी जड ठेवलंत तर त्याचं बरं चालतं. मात्र मोठ्या हॅपच्या टाकीत तो खाद्य होतो.

रेनबो शार्क किंवा रेड टेल शार्क हे नावापुरतेच शार्क असलेले छोटे मासे लोक ठेवतात आणि बऱ्याचदा निभतं, पण तोही हद्दीवरून भांडणारा, म्हणून टाकी मोठी असेल तर आणि एकच. सह्याद्रीतल्या पट्टेरी बोटिया स्ट्रायाटाला या टाकीत आणू नका. हा आपल्या कृष्णा खोऱ्यातला, संकटात सापडलेला मासा. त्याला थंड, वाहतं आणि शांत शेजाऱ्यांचं पाणी पाहिजे.

नकोत त्यांची यादी मोठी आहे, एका दमात सांगतो. गोल्डफिशला थंड पाणी लागतं आणि लांब शेपटी कुरतडली जाते. एंजल, डिस्कस, निऑन, कार्डिनल यांना मऊ पाणी लागतं. गप्पी-मॉलींना जड पाणी आवडतं, पण त्या भक्ष्य ठरतात. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, पॅरट हे अमेरिकेकडचे; खाणं वेगळं, भांडणाची भाषा वेगळी, आणि आकाराने ते म्बुनांना चेंगरतात. गोव्यातलं काळुंदर सिक्लिडच, पण निमखाऱ्या पाण्यातलं आणि या आखाड्यासाठी फारच सज्जन. झिंगे आणि छोट्या गोगलगायी दुसऱ्या दिवशी दिसणार नाहीत.

तीन फुटांचीच टाकी असेल तर म्बुनांचा नाद सोडा आणि टांगानिकाच्या शंखवासी मल्टींकडे वळा. हे दीड-पावणेदोन इंचांचे मासे रिकाम्या शंखात घर करतात. भातखाचरांत आणि तळ्यांत सापडणाऱ्या मोठ्या गोगलगायींचे रिकामे शंख उकळून वापरले तर चालतात. सोबत टाकीच्या दुसऱ्या टोकाला दगडात ज्युलीची एक जोडी. मांजरमासा इथे ठेवलात तर पिल्लं रात्रीत गायब होतील.

सोडण्याचा क्रम

सर्वात शांत मासे आधी, सर्वात तापट शेवटी. पहिल्या आठवड्यात मांजरमासे आणि असेई. दोन आठवड्यांनी यलो लॅब आणि रस्टी, सगळे एकाच दिवशी आणि साधारण एकाच आकाराचे. दर खेपेनंतर चार-पाच दिवस अमोनिया मोजत राहा. प्लेको शेवटी, शेवाळ धरल्यावर.

नव्या माशांची पिशवी वीसेक मिनिटं तरंगत ठेवा, मग दर पाच-सात मिनिटांनी टाकीतलं वाटीभर पाणी तिच्यात घाला. दुकानातलं पाणी मऊ असेल तर हे तासभर चालू द्या. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. सोडण्याआधी दोन-चार दगड इकडचे तिकडे करा, जुन्या माशांना थोडं खाऊ घाला, दिवे बंद करा. जुन्यांच्या हद्दी विस्कटल्या की सगळेच नवे भाडेकरू होतात.

पुढे कधीही एकच मासा आणून सोडू नका. एकटा नवखा म्हणजे सगळ्यांचं एकच लक्ष्य.

खाणं

म्बुनांचं आतडं लांब, शेवाळ पचवायला बनलेलं. त्यांना स्पायरुलिना असलेले पेलेट द्या, मिनिट-दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून दोनदा. आठवड्यातून एक दिवस उपास. ट्यूबिफेक्स, बीफ हार्ट, चिकनचे तुकडे यातलं काही नको. पीकॉकना अधूनमधून गोठवलेला कोळंबीचा चुरा चालतो, आणि म्बुना-पीकॉक वेगळे ठेवण्याचं हेही एक कारण. आफ्रिकन कायम भुकेलेलेच दिसतात. हात काचेजवळ नेला की नाचतात. त्या नाचाला भुलू नका.

अतिखाणं आणि ताण यांतून मलावी ब्लोट हा पोटाचा आजार होतो. मासा खाद्य तोंडात घेऊन थुंकतो, कोपऱ्यात राहतो, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा लोंबते आणि मग पोट फुगतं. पोट फुगल्यावर उपचाराला फार यश येत नाही, म्हणून थुंकणं दिसलं की हालचाल करा. मासा वेगळा काढा, खाणं बंद, मोठा पाणीबदल, आणि सुमारे ४० लिटरला २५० मिलिग्रॅम मेट्रोनिडाझोल, एक दिवसाआड, दर वेळी आधी पाणी बदलून.

आठवड्याचं काम, आणि वीज गेल्यावर

दर आठवड्याला तीस ते चाळीस टक्के पाणी बदला. किटवर नायट्रेट ४० पीपीएमच्या वर जाऊ देऊ नका, २०च्या आत असेल तर उत्तम. फिल्टरचे स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली धरलेत तर क्लोरीनने जिवाणू मरतात.

तापमान २४ ते २७ अंश. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पाणी बत्तिशीपार जातं. ऑक्सिजन कमी होतो आणि भांडणं वाढतात. झाकण काढून त्या जागी जाळी बसवा आणि पृष्ठभागावर छोटा पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. बर्फाच्या बाटल्यांनी तापमान वरखाली होतं, त्यापेक्षा पंखा बरा. त्या दिवसांत खाणं निम्मं करा.

वीज जाणाऱ्या भागात एक एअर पंप घरच्या इन्व्हर्टरवर जोडून ठेवा, तो चार-पाच वॉटच खातो. दाट भरलेल्या टाकीत दोन-तीन तास हवा नसली तर मासे वर येऊन धापा टाकतात. कॅनिस्टर बराच वेळ बंद राहिला असेल तर चालू करण्याआधी आतलं कोंडलेलं पाणी ओतून द्या, त्याला सडका वास येत असतो.

भांडण कुठलं खरं

पाठलाग रोज होणार, तोंडाला तोंड लावून ओढाताणही होणार. मासा पळून दगडात शिरला आणि मागचा परत फिरला तर ते रोजचंच समजा. काळजी कधी करायची? एखादा मासा फिल्टरच्या पाइपमागे किंवा वरच्या कोपऱ्यात, पर अंगाला मिटून, स्थिर उभा दिसला. खाद्य टाकूनही खाली आला नाही. खवले उडालेले किंवा शेपटी काठीसारखी उरलेली दिसली, तर त्याच दिवशी बाहेर काढा. तोंडात अंडी असलेली मादीही अशीच बाजूला राहते आणि खात नाही, पण तिचा गळा खाली फुगलेला असतो आणि ती सारखी चावल्यासारखं तोंड हलवते. तिला काढायची घाई नको.

गुंडगिरी करणारा एकच असेल तर मार खाणाऱ्याऐवजी त्याला उचला. आठवडा-दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, मधल्या काळात दगडांची रचना बदला आणि मग परत सोडा. परत आल्यावर तो नवखा असतो. तरीही सुधारला नाही तर दुकानदाराला परत द्या.

काही हॅप माशांच्या नाटकांना मात्र घाबरू नका. लिव्हिंगस्टोनी वाळूवर आडवा पडून मेल्याचं सोंग करतो, आणि छोटा मासा हुंगायला जवळ आला की झडप घालतो. मेला म्हणून जाळी घालाल तर पळ काढेल. हा दहा इंचांपर्यंत वाढतो, म्हणून छोट्या सोबत्यांच्या टाकीत त्याला आणायचंच नाही.

पिल्लं आणि नकोसे मासे

मादी साधारण तीन आठवडे पिल्लं तोंडात धरते. टाकीतच सोडू दिलीत तर दगडांच्या फटीतून दोन-चार जगतात, तेवढी बस. सगळी वाचवायची असतील तर अठराव्या-विसाव्या दिवशी मादी वेगळ्या छोट्या टाकीत घ्या आणि पिल्लं सोडल्यावर तिला दोन दिवस एकटीला खाऊ घालून परत पाठवा.

जास्तीचे मासे नदीत, तलावात किंवा सोसायटीच्या विहिरीत सोडू नका. उजनीच्या जाळ्यात टनावारी लागणारी चिलापी हीसुद्धा आफ्रिकन सिक्लिडच. १९५२मध्ये तिची एक जात भारतात आणली गेली आणि आज ती आपल्या धरणांतून हटायला तयार नाही. मासे पाळणाऱ्या ओळखीच्या लोकांना द्या. बरेच दुकानदार नावानिशी ओळखता येणारी, संकर नसलेली पिल्लं खाद्याच्या बदल्यात घेतात. द्यायच्या आदल्या दिवशी माशांना उपाशी ठेवा म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही. पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी हवा. मोठे नर एकेकटे बांधा, आणि मांजरमाशासाठी झाकणाची बादली न्या, कारण त्याचा काटा पिशवीतून आरपार जातो.